शेवंती नसलेली बंदूक

आमच्या आतोबांइतका वाचणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि या माणसाने पुस्तक म्हणाल तर एकही पुरं वाचलेलं नव्हतं. ते वाचायचे ते वस्तूंचे तळ. भांड्याचा तळ, कपाचा तळ, छत्रीच्या दांड्याचं टोक, विटेचं पोट, धोतराचा काठ; जिथे म्हणून कुणी ठसा, खूण, आकडा किंवा नाव उमटवलेलं असेल तिथे आतोबांची नजर मुंगीसारखी आपोआप जायची. कुणाच्या घरी गेले की माणसं "बसा" म्हणायची आणि आतोबा बसण्याआधी खुर्ची उलटी करून पाहायचे. इराण्याकडे चहा प्यायला गेले की शेवटचा घोट कपात आहे याचं भान न ठेवता कप उपडा करायचे, आणि मग धोतरावर चहा आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन घरी यायचे. आत्या म्हणायची, "ह्यांची धोतरं मी धुते म्हणून सांगते, ह्यांनी आजवर प्यायला त्याहून जास्त चहा नेसलाय." तोपर्यंत आतोबा आत्याच्या हातातल्या साबणावरचा ठसा वाचत असत.

मी त्या वेळी परळच्या एका शाळेत मास्तरीण होते आणि लालबागच्या चाळीत आत्याकडे राहायची, म्हणून मला या वाचनाचा प्रसाद रोजचा होता. आतोबा शिवडीच्या एका गोदामात, आलेल्या पेट्यांवरचे मार्के तपासायच्या कामाला होते. बाकीचे लोक संध्याकाळी काम गोदामात ठेवून घरी यायचे, आतोबा ते डोळ्यांतून घरी आणायचे. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात, गिरगावातल्या एका वाडीत, आहेराची भांडी मांडून ठेवली होती. वरपक्षाच्या एका थोर बाईंनी दिलेलं पितळेचं पातेलं आतोबांनी उचललं, उलटं केलं, उजेडाकडे तिरपं धरलं. त्यावर बाईंचं नाव ठसठशीत कोरलेलं होतं, पण त्याच्याखाली कानस मारून काढलेलं आधीचं नाव आतोबांना दिसलं. त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "हे पातेलं बिजवर आहे!" त्या बाई न जेवता गेल्या. वधूपिता आपणच आहोत याची आतोबांना नंतर कुणीतरी आठवण करून दिली. आत्या रात्रभर रडत होती आणि आतोबा तिची समजूत घालत होते, "अगं, पण कानस किती कच्ची मारली होती!"

हा नाद त्यांना लागला लष्करात. आतोबा कोठारावर होते. महायुद्ध संपल्यावर, जपानने शरणागती पत्करल्यावर, आपल्याकडच्या काही पलटणी तिकडे नेल्या होत्या, त्यांच्याबरोबर हेही गेले. "तुम्ही जपानवर चढाई केलीत?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लढाई संपली होती. आम्हांला नेलं मोडीला." त्यांचं काम तिथल्या बंदुकांच्या राशी वेगळ्या करायचं, म्हणजे कोणती कोणत्या जातीची ते पाहायचं आणि मोडून टाकायला पुढे द्यायचं. जपानी लिपी कुणी शिकवणारं नव्हतं, तेव्हा आतोबांनी आपणच अक्षरांना नावं ठेवली. चहा झाल्यावर ते खडू घेऊन आम्हांला फरशीवर काढून दाखवायचे. तीन आडव्या रेघा आणि त्यांच्याखाली झुपकेदार मिशी, ही एक जुनी लांब जात. एकाखाली एक दोन कोयते, ही त्यानंतरची, आखूड. आणि त्या सगळ्यांच्या वर, नळीच्या मुळाशी, शेवंती. "ती त्यांच्या राजाची निशाणी. सोळा पाकळ्या. शेवंती असेल तर बंदूक राजाची. शरण येताना बिचारे ती घासून टाकायचे, राजाचं फूल शत्रूच्या हाती नको म्हणून." मी एकदा म्हटलं, एवढी अवघड लिपी तुम्ही कशी लावलीत? तर म्हणाले, "त्यात काय अवघड? ते सरळ लिहितात तरी. आपल्या आजोबांची मोडी वाचून बघ एकदा."

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस आले, आणि आतोबांच्या वाचनाला हसायचं आम्ही बंद केलं. गोळीबार व्हायचे. घरातून गेलेला माणूस संध्याकाळी यायचा नाही. इस्पितळात बेवारस म्हणून पडलेल्यांचे कपडे बाजूला ठेवलेले असत, आणि सदऱ्याच्या गळपट्टीला आतून धोब्याने बिब्ब्याने घातलेली खूण असे. एक ठिपका दोन रेघा म्हणजे अमक्या गल्लीचा धोबी, फुली आणि ठिपका म्हणजे तमक्या गल्लीचा. ते आतोबांना ठाऊक, कारण आयुष्यभर त्यांनी शेजारच्याची गळपट्टी उलटून पाहिली होती. आता त्यांना लोक बोलवायला येऊ लागले. ते जायचे, सदरे पाहायचे, कोणत्या गल्लीत विचारायचं ते सांगायचे, आणि घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. आत्या चहा द्यायची. कप उपडा करायचे नाहीत तेव्हा.

आता त्या बंदुकीचं सांगते. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर हवालदारीणकाकी राहायच्या. मालवणकडच्या. त्यांचे यजमान पलटणीत हवालदार होते, युद्धानंतर परत आले आणि थोड्याच वर्षांत छातीच्या दुखण्याने गेले. येताना त्यांनी वळकटीत गुंडाळून एक जपानी बंदूक आणली होती. "जपान्याच्या हातातसून वढून घेतली," असं ते सांगायचे आणि ते गेल्यावर काकी सांगायच्या. सगळ्या चाळीला ती ठाऊक होती, चाळीबाहेर एक शब्द गेला नव्हता. दर खंडेनवमीला ती पाटावर मांडायची, नळीच्या मुळाशी फूल कोरलेलं होतं त्यावर कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. पहिली काही वर्षं हवालदारांनी स्वतः कुंकू लावलं, ते गेल्यावर त्यांचा मुलगा वसंता लावू लागला. पुसायचं कधी नाही, तेलात कालवलेल्या कुंकवावर कुंकू चढत गेलं आणि फुलाच्या जागी नुसता लाल गोळा झाला. काकी चार घरची धुणीभांडी करायच्या, पण मोलकरीण म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नसे, नळावरसुद्धा त्यांना वाट मिळे, ती त्या बंदुकीमुळे. खंडेनवमीला सगळी चाळ पाया पडायला जायची. जायचे नाहीत ते एकटे आतोबा.

याचं मला फार नवल वाटे. जो माणूस परक्याच्या घरी पिकदाणी उलटी करून पाहतो, त्याच्या पायाखाली तीन जिने उतरून खरी जपानी बंदूक आहे आणि तो जात नाही! काकी दर वर्षी बोलवायच्या. दर वर्षी आतोबांचं पोट दुखायचं. आत्या म्हणायची, "मिजास दुसरं काय! ह्यांच्याशिवाय कुणी जपान पाहिला हेच ह्यांना सोसत नाही." मीही तेच धरून चालले होते.

चळवळीच्या ऐन दिवसांत पोलिसांनी चाळीची झडती घेतली आणि बंदूक सापडली. वसंता गिरणीत होता, मोर्च्यात पुढे असायचा, दोनदा लाठ्या खाल्लेला. त्याला गिरणीच्या दारातूनच उचलला. दंग्यात पोलिसांवर चालवायला लष्करी बंदूक लपवली होती, असं कलम त्याच्यावर लावणार होते, आणि ते लागलं असतं तर पोरगा निम्मं आयुष्य आत काढून आला असता. काकी जिना चढून वर आल्या त्या उभ्याच राहिल्या. "भावजीनू, तुमी जपानात जावन इल्यात. सायबाक सांगा, माझ्या घोवान रणात जिंकान आणलेली वस्तू आसा ती. देवाची वस्तू. माझ्या झिलाक सोडूक सांगा."

आतोबांचं पोट दुखलं नाही. त्यांनी टोपी घातली. आत्याने मला बरोबर धाडलं, "तिथल्या साहेबाच्या पट्ट्याचा बिल्ला वाचत बसतील, जरा लक्ष ठेव." जिन्यात आतोबा मला हळूच म्हणाले, "हवालदारांची पलटण माझ्यानंतर महिन्याभराने बोटीवर चढली होती. लढाई संपल्यावर." मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ती बंदूक वाचावी लागू नये म्हणून इतकी वर्षं पोट दुखत होतं तेही कळलं. पुढे काकी चालल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

चौकीतला साहेब वाईट माणूस नव्हता. कितीतरी दिवस झोप न झालेला, दाढी वाढलेला, आपल्यासारखंच मराठी बोलणारा माणूस होता. त्याने टेबलावरची बंदूक पुढे सरकवली. "लष्कराचा जाणकार यायला वेळ लागेल, आणि तोवर कागद वर जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्हांला कळत असेल तर सांगा, ही काय आहे आणि चालते का?" काकी पटकन म्हणाल्या, "रणातली आसा, सायब!" त्यांना वाटत होतं आपण पोराला सोडवतो आहोत.

आतोबांनी बंदुकीला हात लावला नाही. आधी नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "रॉकेल आणि फडकं मिळेल का? आणि साहेब, बाईंना जरा बाहेर बसवा." काकी जागच्या हलल्या नाहीत. "मी खंय जावचंय नाय. माझ्या घरातली वस्तू आसा." शिपायाने फडकं आणलं आणि आतोबा त्या लाल गोळ्याकडे वळले तेव्हा काकींनी मध्ये हात घातला. "भावजीनू, ह्यांच्या हातचा कुंकू आसा ता. सगळ्यांत खालचा."

आतोबा थांबले. मी त्यांना इतका वेळ वाचल्याशिवाय एखादी वस्तू समोर धरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "वहिनी, वसंतासाठी," आणि काकींनी हात काढून घेतला. ते थर थर करत निघालं. वरचं भडक, आतलं काळपट, आणि अगदी तळाशी विटकरी, जे निघता निघेना. आतोबा ते अंगठ्याच्या नखाने काढत होते, बाळाच्या कानातला मळ काढावा तसे. खाली फूल होतं. पण ते शेवंतीचं नव्हतं. पाच पाकळ्यांचं साधं फूल होतं. त्याच्या मागे तीन रेघा नव्हत्या, मिशी नव्हती, कोयते नव्हते. आतोबांनी खटका मागे ओढून नळी दिव्याकडे धरली, आत पाहिलं. मग दस्ता उलटा केला. तिथे एक आकडा डागलेला होता, आणि त्याखाली टाचणीने कोरल्यासारखं वेडंवाकडं एक जपानी अक्षर. ते मात्र मलाही वाचता आलं. म्हणजे अक्षर नव्हे, त्याची जात. माझ्या वर्गातल्या बाकांवर असली कोरीव नावं मी रोज पाहत होते.

"डी. पी., साहेब," आतोबा म्हणाले.

"म्हणजे?"

"डी. पी. आहे. लष्करात समजतं. एवढं लिहा, पुरे होईल."

ते काकींकडे पाहत नव्हते. साहेबाने कपाळ चोळलं आणि म्हणाला, "अहो, हा जबाब आहे. डी. पी. बी. पी. काय लिहू? मराठीत सांगा ना, मराठीत!"

बाहेर रस्त्यावर माणसं मराठीसाठी छातीवर गोळ्या घेत होती, आणि इथे आमचे आतोबा त्याच मराठीपासून लपायला जागा शोधत होते. मला त्या साहेबाचा राग आला, आणि त्याची काही चूक नव्हती म्हणून जास्तच आला. लढाईतली म्हणावी तर वसंता आत जातो, खरं सांगावं तर त्याचा बाप खोटा पडतो, आणि एकाची आई, दुसऱ्याची बायको शेजारी उभी होती. आतोबांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि शाळेतल्या पोराने धडा म्हणावा तसं एका सुरात सांगितलं. "ही शाळेतली बंदूक आहे. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज, पोरांच्या कवायतीची. नळीत आटे नाहीत, आत नुसती गुळगुळीत आहे. लोखंड ओतीव, कच्चं. हिच्यात आवाजाचा बार भरतात. खरी गोळी घातली तर धरणाऱ्याचंच तोंड उडेल. राजाची शेवंती हिच्यावर कधी नव्हतीच. ही बंदूक लढाईत गेलेली नाही." शिपाई लिहीत होता. काकींनी टेबलावरचं लाल फडकं उचललं, त्याची नीट घडी घातली आणि कमरेला खोचली.

वसंता सुटला. बंदूक सुटली नाही, ती सरकारात गेली. सुटका झाली म्हणून चाळीने पेढे वाटायचे, तर चाळीला हसू आवरेना. आमची चाळ मायाळू होती असं मी पुष्कळदा लिहिलं आहे आणि ते खरंच आहे, पण मायाळू माणसांना दुसऱ्याची जिरलेली पाहायला फार आवडतं. नळावर एक बाई म्हणाली, "काकी, बंदुकीबरोबर पाटी-दप्तरपण आणलं होतं का हो?" तेव्हापासून काकी सगळ्यांचं झाल्यावर पाणी भरायला येऊ लागल्या. वसंता आतोबांच्या पाया पडला, पण मान वर करून पाहिलं नाही, आणि आठवड्याभरात प्रभादेवीला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. आईशी भांडून गेला म्हणे. "बाबांनी आपल्याला आयुष्यभर खेळणं पुजायला लावलं," असं काहीतरी बोलला. आत्या आतोबांना म्हणाली, "पोर सुटलं ना? मग आता जेवा." आतोबा म्हणाले, "पोर सुटलं. पण त्या बाईचा नवरा पुन्हा गेला." आणि पानावरून उठले.

दसऱ्याच्या दुपारी काकी वर आल्या. कितीतरी दिवसांनी. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत्याने "या" म्हटलं तरी आत आल्या नाहीत. आतोबांकडे सरळ पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "मगे हे थंय करी काय होते?"

आतोबांनी त्यांना खाली बसायला लावलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. मला वाटलं, आता तरी हे खोटं बोलतील, एखादी छान लढाई रचून देतील. मनातून मी देवाला तेच सांगत होते. पण आतोबांना वाचलेलं बदलता येत नसे. ते म्हणाले, "वहिनी, मी केलं तेच त्यांनी केलं असणार. गावोगावच्या शाळांत जायचं. मास्तर पोरांना मैदानात रांगेने उभं करायचा. पोरं कसली, नुसते सांगाडे, खायला नव्हतं कुणाला. एकेकाने पुढे यायचं, कमरेत वाकायचं आणि बंदूक आमच्या हातात द्यायची. बहुतेक द्यायचे. एखादा सोडायचा नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. मग ओढून घ्यावी लागायची. हवालदार तुम्हांला खोटं बोलले नाहीत. जपान्याच्या हातातून ओढून घेतली, हे खरंच असेल. फक्त तो जपानी लहान होता."

काकी म्हणाल्या, "रडलो आसतलो काय ओ तो?"

"रडला असेल," आतोबा म्हणाले.

"मगे ह्यांनी ती मोडूक कित्याक दिली नाय? घरात कित्याक आणली?"

"ते बंदुकीवर कुठे लिहिलेलं नव्हतं, वहिनी."

काकी उठल्या. जाताना आतोबांनी पुढे केलेलं आपट्याचं पान त्यांनी घेतलं. मला आजही वाटतं, त्या जिन्यावरून उतरताना त्यांच्या अंगात चालण्याचं थोडं बळ आलं होतं. वसंता दिवाळीला घरी आला, दोघांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आतोबा मात्र त्या दुपारनंतर खडू घेऊन जपानी अक्षरं काढून दाखवायला कधी बसले नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "विसरलो गं सगळं," आणि ती पोटदुखी सोडली तर हे त्यांचं मला ठाऊक असलेलं एकच खोटं.

आतोबा गेले त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मी शाळेत होते तोवर आमच्याकडे शनिवारी मुलांची लाठीची कवायत व्हायची आणि शेवटी लाठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे असे. घंटा झालेली असायची, मला घरी जायची घाई असायची, आणि रांगेत एखादा तरी बारकुडा असायचा, लाठी छातीशी धरून उभा. बाकीच्या बाई म्हणायच्या, घ्या ओढून, किती वेळ थांबायचं? मी हात पुढे करून थांबायची. तो स्वतः होऊन देईपर्यंत थांबायची. आतोबांना हे एकदा सांगायचं होतं, ते मात्र राहून गेलं.